कुर्ट्झला कशाने बिघडवले: एकांताने की सत्तेने?

सांजवेळ:
जोसेफ कॉनराडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचून संपवली. आफ्रिकेच्या जंगलात व्यापारी कंपनीसाठी हस्तिदंत गोळा करणारा कुर्ट्झ तिथल्या एकांताने भ्रमिष्ट झाला, असे मी पहिल्या वाचनात धरून चालले होते. या खेपेस ते पटेना. नदीकाठच्या ठाण्यांवर एकटे पडलेले गोरे कारकून आणि अधिकारी इतरही आहेत, पण घरासमोरच्या खांबांवर माणसांची मुंडकी लावण्यापर्यंत मजल जाते ती कुर्ट्झचीच. असे का व्हावे?

तळटीप:
एकांताने फक्त पाहणारे डोळे दूर केले. पुढचे काम हस्तिदंताने केले, असे मला वाटते. ही कथा सांगणारा मार्लो आपल्या श्रोत्यांना सुनावतो की तुमच्या एका कोपऱ्यावर खाटीक आहे आणि दुसऱ्यावर पोलीस, तेव्हा तुम्हाला हे कळायचे नाही. पण कुर्ट्झला अडवणारे कोणी नव्हते एवढेच नव्हे, तर बाकी सर्व ठाण्यांचा मिळून होईल इतका हस्तिदंत तो एकटा पाठवत असल्यामुळे त्याची वाहवा होत होती. व्यवस्थापकाची तक्रारही मुंडक्यांबद्दल नसून, या पद्धतीने त्या मुलखातला व्यापार बुडाला याबद्दल आहे!

शिवाय इतर जण शाबूत राहिले, असे तरी कुठे आहे? कडक खळीची कॉलर घालणारा तो हिशेबनीस आठवा. त्याच्या उंबऱ्यापासून पन्नास फुटांवर मजूर झाडाखाली मरत पडले आहेत, आणि खोलीत आणून ठेवलेल्या आजारी माणसाच्या कण्हण्यामुळे आकडेमोडीत चूक होईल, ही त्याची चिंता. मला तर कुर्ट्झपेक्षा त्याचीच भीती अधिक वाटते.

जुनीपाने:
वरील मताला इतिहासाचा आधार आहे. १८८५ ते १९०८ या काळात काँगो, म्हणजे या कादंबरीमागचा मुलूख, बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीसारखा होता, आणि कॉनराड स्वतः १८९० मध्ये तिथे आगबोटीवर काम करून आला होता. मात्र आपला प्रश्नच थोडा एकांगी आहे. कुर्ट्झचे काय झाले हे आपण विचारतो, मुंडकी कोणाची होती हे विचारत नाही. एका युरोपीय मनाच्या पडझडीसाठी आफ्रिकेचा निव्वळ पडदा केला, हा नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात घेतलेला आक्षेप मला टाळता येत नाही. कादंबरीत एक तरुण रशियन म्हणतो की ती बंडखोरांची मुंडकी आहेत, आणि त्यावर मार्लो हसतो. तरीही त्या माणसांची नावे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाहीत.

सांजवेळ:
आक्षेप मान्य. तो वाचल्यावर मी ते पान पुन्हा उघडले. एक सोडून बाकीच्या मुंडक्यांची तोंडे घराकडे वळवलेली आहेत. केवळ दहशत बसवायची असती, तर ती बाहेर पाहत असती. ही कुर्ट्झने स्वतःच्या नजरेसमोर ठेवलेली दिसतात. मग ‘भ्रमिष्ट’ हा शब्द फारच सौम्य ठरतो. रानटी चालीरीती नष्ट करण्याविषयीच्या त्याच्या भारदस्त अहवालाखालीही ‘या सगळ्या जनावरांना संपवा’ अशी ओळ त्यानेच खरडलेली आहे. मार्लो तो अहवाल युरोपात एका पत्रकाराच्या हवाली करतो, पण त्याआधी तेवढी ओळ फाडून टाकतो.