केळीच्या अ‍ॅपसाठी अ‍ॅक्सिलरेटरला अर्ज करतोय, फॉर्ममध्ये नेमकं लिहायचं काय?

बागायतदार_रावेर:
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी. मी आणि माझा मित्र (तो सावद्याचा, सध्या पुण्यात आयटीत) मिळून एक अ‍ॅप बनवलंय. आपल्याकडचं दुखणं सगळ्यांना माहितीये, माल तयार झाला की व्यापाऱ्याच्या मागे फिरा, भाव बऱ्हाणपूरकडे बघून ठरणार, उद्या कापणी लावतो म्हणतो आणि चार दिवस फोन उचलत नाही, तोवर घड झाडावरच पिवळा पडायला लागतो, आणि काटा झाला तरी पैसे कधी हातात पडतील ते देवालाच माहिती. अ‍ॅपवर शेतकरी बागेची माहिती टाकतो (नवती म्हणजे नवी लागण का पिलबाग म्हणजे खोडव्याची, झाडं किती, कधी कापायची), व्यापारी भाव टाकतो, काट्याच्या पावतीचा फोटो चढवला की हिशोब दोघांच्या मोबाईलवर. चाळीसेक शेतकरी आणि तीन व्यापारी वापरतात, पैसे अजून कोणाकडून घेत नाही.

आता वाय कॉम्बिनेटरला (नवीन कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणारा अमेरिकेतला अ‍ॅक्सिलरेटर) पण टाकायचंय आणि आपल्याकडचा सरकारी शेतीवाला प्रोग्राम पण बघतोय. कंपनी काय करते ते एका ओळीत लिहा म्हणतात, तिथेच दोन दिवस अडकलोय. पार्टनरने लिहिलंय "केळी व्हॅल्यू चेनसाठी एआय-आधारित एंड-टू-एंड इकोसिस्टम". माझं इंग्लिश बेताचं आहे, त्याने फरक पडतो का? आणि वाय कॉम्बिनेटरला कंपनीचे ७ टक्के शेअर देणं जास्त नाही का होत?

तापीकाठ:
भो, ती ओळ आधी खोड. एवढे अर्ज येतात की पहिल्यांदा वाचणारा माणूस एका अर्जावर काही मिनिटंच देतो, आणि इकोसिस्टम वाचून त्याला हे सुद्धा कळणार नाही की तुम्ही केळी विकता, औषध विकता का ड्रोन उडवता. आणि एआय आहे कुठे त्यात? पावतीचा फोटो वाचायला काही वापरलं असेल तर खाली टेक्निकल प्रश्नात लिहा, वरती कशाला. त्या ओळीला ५० अक्षरांची मर्यादा असते, म्हणजे फुशारकीला जागाच नाही. "शेतकरी केळीची कापणी बुक करतो, हिशोब फोनवर" इतकं साधं लिहा, मग त्याचं इंग्लिश करा.

वर तू जे मराठीत लिहिलंस ना, घड झाडावर पिवळा पडतो आणि व्यापारी फोन उचलत नाही, तो तुझ्या पार्टनरच्या सगळ्या फॉर्मपेक्षा चांगला अर्ज आहे. तेच लिही. मोडकंतोडकं इंग्लिश चालतं, गोलगोल इंग्लिश चालत नाही. जागतिक केळी मार्केट इतके अब्ज डॉलर वगैरे गुगलवरून उचललेले आकडे पण नको, त्यापेक्षा गेल्या महिन्यात अ‍ॅपवरून किती गाड्या भरल्या ते सांग, पाच तर पाच.

भुसावळ_जंक्शन:
पैशाचं मी सांगतो. वायसीचं (वाय कॉम्बिनेटरचं) गणित असं, एकूण ५ लाख डॉलर, त्यातले सव्वा लाख ७ टक्क्यांसाठी आणि उरलेले पावणेचार लाख पुढच्या गुंतवणूकदाराला जी सगळ्यात चांगली अट मिळेल त्या अटीवर. म्हणजे शेवटी ७ पेक्षा जास्तच जातात, हे बरेच जण वाचतच नाहीत. माझ्या मते तरी महाग नाही, पण निवड शंभरात एखाद-दुसऱ्याची होते, त्यामुळे टक्क्यांवरून आत्ताच भांडू नका.

खरी गोची वेगळीच आहे. अर्ज करताना कंपनी रजिस्टर नसली तरी चालतं, पण निवड झाल्यावर त्यांना मूळ कंपनी अमेरिका, सिंगापूर अशा ठिकाणची लागते, नुसती भारतातली प्रायव्हेट लिमिटेड चालत नाही. आणि स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडात (सुरुवातीच्या भांडवलाची २०२१ ची सरकारी स्कीम) अट आहे की निदान ५१ टक्के शेअर भारतीय प्रमोटरकडे हवेत आणि अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. दोन्ही दगडांवर पाय ठेवायच्या आधी सीएकडे बसा.

शेतीसाठी आरकेव्हीवाय-रफ्तार (केंद्राची राष्ट्रीय कृषी विकास योजना) आहेच, आयडिया स्टेजला ५ लाखांपर्यंत, सीड स्टेजला २५ लाखांपर्यंत, ते अनुदान म्हणून. हैदराबादचं मॅनेज, दिल्लीचं पुसा या संस्थांमार्फत चालतं. जळगावला आपल्या विद्यापीठाचं इन्क्युबेशन सेंटर पण आहे, तिथे निदान जाऊन या. आणि एक, मला पुण्यातल्या एका प्रोग्रामचा मेल आला होता, सिलेक्शन झालं म्हणे, आधी साठ हजार फी भरा. असलं काही आलं तर उत्तर पण देऊ नका, अ‍ॅक्सिलरेटर पैसे देतो, घेत नाही.

सावदा_काटा:
मी व्यापारी घरातला, म्हणून राग नका धरू. व्यापारी चार दिवस फोन उचलत नाही असं जे लिहिलंय ते अर्धं खरं. गाडी लागत नाही, कापणीवाली टोळी दुसऱ्याच बागेत अडकते, दिल्लीत माल पडून असतो आणि तिकडचा पार्टी पैसे देत नाही तर मी तुम्हाला कुठून देऊ? भाव चढला की ठरलेला माल दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे शेतकरी पण आहेत बरं का. हे फॉर्ममध्ये नसेल तर इंटरव्ह्यूला पहिल्याच प्रश्नात पकडले जाल, की व्यापारी हे अ‍ॅप का वापरेल.

बागायतदार_रावेर:
दादा, राग कसला. मग तुम्हीच सांगा, तुम्ही पैसे द्याल असं त्यात काय आहे?

सावदा_काटा:
हिशोबासाठी एक रुपया देणार नाही, माझी वही आहे. पण बघा, एका बागेत रोज गाडीभर माल निघतोच असं नाही. निम्मी गाडी भरली आणि संध्याकाळचे पाच वाजले की आम्ही फोनवर फोन लावतो, त्याच शिवारात कोणाची बाग तयार आहे का म्हणून. नाही सापडली तर अर्धी गाडी उभी, टोळीची हजेरी चालू, ड्रायव्हर बोंबलतो. त्या वेळी अ‍ॅपने जवळची तयार बाग दाखवली तर गाडीमागे मी पैसे देईन, आनंदाने.

तापीकाठ:
घ्या, हाच तुमचा धंदा! शेतकऱ्याला फुकट, अर्धी गाडी भरून दिली की व्यापाऱ्याकडून पैसे. अर्ज पाठवायच्या आधी त्या तीन व्यापाऱ्यांकडून गाडीमागे थोडे का होईना पैसे घेऊन बघा, मग "पैसे घेत नाही" च्या जागी खरा आकडा लिहिता येईल.

व्हिडिओ एक मिनिटाचा असतो, दोघेही त्यात हवेत, म्युझिक, ड्रोन शॉट काही नको, पाठ केलेलं वाचून दाखवू नका. बागेत उभं राहून केलं तरी चालेल, फक्त वारा लागून आवाज फुटतो ते बघा. इंटरव्ह्यू जेमतेम दहा मिनिटं, तिथे लांबड लावली की संपलं. आणि पार्टनर नोकरी सोडणार का, हे नक्की विचारतात. खरं काय ते लिहा, "पैसे मिळाले तर सोडेन" असं असेल तर तेच, पण दोघांनी एकच उत्तर द्या.

बागायतदार_रावेर:
हो, तेच अजून ठरलेलं नाही, रविवारी तो गावी येतोय तेव्हा बसतो. अर्धी गाडीवालं उद्याच तिन्ही व्यापाऱ्यांना विचारतो. साठ हजारवाला मेल मला पण आला होता, पार्टनर तर भरायला निघाला होता.