व्यंगाच्या कारणावरून गर्भपात: स्त्रीचा हक्क आणि अपंगांचा सन्मान एकत्र नांदू शकतात का?

प्रश्न

गर्भपाताचा निर्णय ज्या स्त्रीच्या पोटात गर्भ आहे तिनेच घ्यावा, असे मी नेहमी मानत आले आहे आणि आजही मानते. तरीही गेल्या आठवड्यापासून मी अस्वस्थ आहे. माझ्या जवळच्या मैत्रिणीच्या तेराव्या आठवड्यातील रक्ततपासणीत गर्भाला डाउन सिंड्रोम, म्हणजे एका जादा गुणसूत्रामुळे येणारे जन्मजात अपंगत्व, असल्याचे निघाले. हे मूल तिला हवे होते. एरवी गर्भपात हा शब्दही घरात उच्चारू न देणारे तिचे नातलग या वेळी मात्र एकमुखाने ‘आता विचार कसला करायचा’ असे म्हणू लागले आणि ‘तू ठेवायचे ठरवलेस तर आम्ही आहोत’ असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटले नाही. स्त्रीच्या हक्काची बाजू घेणे आणि अपंग व्यक्तींच्या जगण्याला समान मोल देणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला प्रामाणिकपणे करता येतात का? नातलगांच्या या सुराला आक्षेप घेतला, तर मी नकळत तिच्या हक्काच्याच आड येते का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. गरोदरपणी आम्हाला काहीच कळले नव्हते, त्यामुळे आपल्या मैत्रिणीपुढचा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नाही. आला असता तर मी काय केले असते, हे आजच्या मायेच्या भरात सांगणे खरे होणार नाही. जे माहीत आहे तेवढे लिहिते.

अशा मुलांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. तो त्यालाही होता आणि पाचव्या महिन्यात त्याची शस्त्रक्रिया झाली. ते दिवस कठीण होते, पण तेव्हा आम्ही एकटे नव्हतो, कारण आजारी बाळासाठी माणसे धावून येतात. एकटे पडलो ते पुढे. शाळेच्या प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिकांनी अर्ज हातात घेऊन, त्याच्याकडे न बघता, ‘इतर पालकांना मी काय सांगू?’ असे मला विचारले. त्याला काय येते, हे त्यांनी विचारलेच नाही.

त्याला पुष्कळ येते, फक्त वेळ लागतो. शर्टाची बटणे लावायला तो नवव्या वर्षी शिकला. तो खालच्या बटणापासून सुरुवात करतो, कारण खालचे काज डोळ्यांना दिसते आणि गळ्याजवळचे दिसत नाही. ही युक्ती त्याला कोणी शिकवलेली नाही. या वाटेत दमणूक आहे, हे मी लपवणार नाही, आणि आमच्या पश्चात त्याचे कोण, ही काळजी तर रोजचीच आहे. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते, आज ते ६० च्या आसपास आहे. म्हणजे आईवडिलांच्या मागेही ही माणसे जगणार आहेत आणि त्यांची सोय एकट्या घराने लावण्यासारखी नाही. निर्णय तुझा म्हणायचे आणि मूल ठेवले की सगळा भार तिच्या एकटीच्या अंगावर टाकायचा, याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद २

मी अनुवंशशास्त्रीय समुपदेशनाचे काम करतो. मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तातडीने सांगणे आवश्यक आहे. तेराव्या आठवड्यातील रक्ततपासणी ही चाळणी चाचणी असते, निदान नव्हे. आईच्या रक्तात वारेकडून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाकडून, आलेले डीएनएचे तुकडे मोजून ती शक्यता वर्तवते. समजा, १०,००० गर्भांपैकी १० गर्भांना खरोखर डाउन सिंड्रोम आहे आणि चाचणी उरलेल्यांपैकी हजारात एकाला चुकून होकार देते. तर आलेल्या सुमारे २० होकारांपैकी निम्मे खोटे असतील. आईचे वय जास्त असेल तर हे प्रमाण बदलते, कारण मुळातली शक्यताच वाढलेली असते. म्हणून पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलपरीक्षा करून गुणसूत्रे तपासल्याशिवाय, केवळ रक्ताच्या अहवालावर, कोणताही निर्णय घेऊ नये. आपल्या मैत्रिणीच्या अहवालात नेमके कोणते शब्द आहेत, ते कृपया पाहावे.

प्रतिसाद ३

मी स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष, घेऊन जन्मले आणि चाकाच्या खुर्चीवरून हिंडतेफिरते. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय, दोन्ही करता येते’ असे आहे.

अमेरिकेत १९७२ पासून चालत आलेल्या जनरल सोशल सर्व्हेत लोकांना गर्भपाताची वेगवेगळी कारणे देऊन मत विचारले जाते. बाळात गंभीर दोष असण्याची दाट शक्यता, या कारणाला मिळणारी मान्यता ‘आणखी मूल नको’ या कारणाला मिळणाऱ्या मान्यतेपेक्षा सतत बरीच जास्त राहिली आहे. कायद्यांतही हेच दिसते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मर्यादा २४ आठवड्यांची आहे, मात्र गंभीर अपंगत्वाची मोठी शक्यता असेल तर मर्यादाच नाही; भारतातही २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठे व्यंग ठरवले तर आठवड्यांची अट लागू होत नाही. ब्रिटनमधील तरतुदीला डाउन सिंड्रोम असलेल्या हायडी क्राउटर यांनी न्यायालयात आव्हान दिले होते. २०२१ साली आणि नंतर अपिलातही ते फेटाळले गेले. मला स्वतःला गर्भपातावरचे निर्बंध वाढायला नको आहेत, पण बाईंना काय खुपले, ते मला आतून कळते.

एड्रियन अ‍ॅश या अंध तत्त्वचिंतक स्त्रीने एक भेद केला होता, त्याने मला पुष्कळ आधार दिला. मूलच नको असणे वेगळे, आणि मूल हवे असताना त्याच्याविषयी कळलेल्या एकाच गोष्टीवरून हे मूल नको वाटणे वेगळे. गर्भपाताचा हक्क त्यांनी कधीही नाकारला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, त्या एका गोष्टीमागे उरलेले सगळे मूल झाकले जाते. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क आणि स्त्रीहक्क या दोन्ही समित्यांनी संयुक्त निवेदन काढून, हे हक्क एकमेकांविरुद्ध उभे करू नयेत, असे सांगितले आहे. तेव्हा मैत्रिणीच्या निर्णयावर आपण काही बोलू नये, परंतु नातलगांना जरूर बोलावे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

अहवाल पुन्हा पाहिला. त्यात ‘उच्च शक्यता’ एवढेच लिहिले आहे. डाउन सिंड्रोम ‘निघाला’ असे आमच्यापैकीच कोणीतरी म्हटले आणि मीही ते इथे तसेच लिहिले, याचे मला वाईट वाटते. मैत्रिणीने गर्भजलपरीक्षेची तारीख घेतली आहे. हे सर्व प्रतिसाद तिने वाचले. पहिला प्रतिसाद लिहिणाऱ्या ताईंना तिने एकच गोष्ट विचारायला सांगितली आहे: शस्त्रक्रियेनंतर, माणसे येईनाशी झाल्यावर, रात्री त्याच्याजवळ तुम्ही आणि कोण बसत होतात?