मदत हवी आहे: ड्रॉप्स घालूनही मुलीचा नंबर वाढतोय, बंद करू का?

सिंहगडरोडकर: मुलीला अ‍ॅट्रोपिनचे ड्रॉप्स चालू आहेत, नंबर वाढायचा वेग कमी व्हावा म्हणून, तरी नंबर वाढला. डॉक्टर म्हणतात चालू ठेवा. सासूबाई म्हणतात पोरीच्या डोळ्यात रोज औषध कशाला. नेटवर वाचलं की याचा काही उपयोगच होत नाही. कुणी दिलंय का मुलांना? लवकर सांगा, शनिवारी दाखवायला जायचंय.

नीलकंठ: वय? नंबर किती होता, किती झाला? बाटलीवर किती टक्के लिहिलंय?

आजोबा_कोथरूड: आमच्या नातवाला हेच दिलं होतं, फक्त चांगल्या डोळ्यात. त्यापेक्षा पट्टी लावा, स्वस्त आणि खात्रीची.

नीलकंठ: काका, ते आळशी डोळ्याचं, म्हणजे एका डोळ्याची नजर कमी पडते त्याचं. तिथे १ टक्क्याचं औषध घालून चांगला डोळा मुद्दाम धूसर करतात. अमेरिकेतल्या २००२च्या अभ्यासात पट्टी आणि ड्रॉप्स जवळपास सारखेच ठरले होते. पण इथे आळशी डोळा आहे असं ताईंनी कुठे म्हटलंय?

सिंहगडरोडकर: नाही, मायनस नंबर आहे. आठ वर्षांची आहे. दिवाळीत -२.२५ होता, आता -३. औषध ०.०१ टक्के, रात्री झोपताना.

वैद्य_सदाशिव: त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा. मोबाइल बंद करा.

मृण्मयी: घरी केलेलं पाणी मुलांच्या डोळ्यात अजिबात घालू नका! जंतुसंसर्ग झाला तर बुबुळावर बेतेल.

नीलकंठ: ताई, हाँगकाँगच्या लॅम्प नावाच्या, याच औषधाच्या अभ्यासात ४ ते १२ वर्षांची मुलं होती. वर्षभरात औषधाविना नंबर सरासरी ०.८१ने वाढला, ०.०१ टक्क्यावर ०.५९ने आणि ०.०५वर फक्त ०.२७ने. २०२३च्या अमेरिकन अभ्यासात मात्र ०.०१चा फरकच दिसला नाही, तुम्ही बहुतेक तेच वाचलंत. माझं मत, मात्रा वाढवायला सांगा.

मृण्मयी: इतक्या घाईने नको. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्याकडच्याच मुलांवर अभ्यास झालाय, त्यात ०.०१नेही वाढ कमी झाली. मात्रा वाढली की उजेड जास्त टोचतो, जवळचं वाचताना त्रास होऊ शकतो, आणि जास्त मात्रा एकदम थांबवली तर नंबर पुन्हा उसळतो.

नीलकंठ: मान्य, पण हाँगकाँगच्या मुलांनी ०.०५ चांगलं सोसलं होतं. आठव्या वर्षी -३ म्हणजे अजून बरीच वर्षं नंबर वाढायची आहेत. थांबून बघत बसण्यात तोटा पोरीचाच.

पुणेरी_फ्रेम: लक्ष्मी रोडला मुलांसाठी न तुटणाऱ्या फ्रेम छान मिळतात.

मृण्मयी: @सिंहगडरोडकर, दोन्ही वेळा डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून नंबर काढला होता का?

सिंहगडरोडकर: पहिल्यांदा हो. या वेळी चष्म्याच्या दुकानात, मशीनवर.

मृण्मयी: मग या दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही. बाहुली मोठी करणाऱ्या औषधाविना मुलं जवळचं बघण्याचा ताण सोडत नाहीत, त्यामुळे मशीन मायनस जास्त दाखवतं. शनिवारी ते औषध घालूनच तपासून घ्या, आणि अ‍ॅक्सियल लेंग्थ, म्हणजे डोळ्याची लांबी, मोजायला सांगा. खरी वाढ तिथेच कळते. तोवर ड्रॉप्स बंद करू नका, आपल्या मनाने टक्केही बदलू नका.

नीलकंठ: हे पटलं. आधी मोजमाप, मग मात्रा. आणि रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या, संध्याकाळी तळजाई टेकडीवर न्या.

सिंहगडरोडकर: शाळाच संध्याकाळी सुटते, मग क्लास. रविवारी नेते. अ‍ॅक्सियल लेंग्थ सगळीकडे मोजतात का, की वेगळं मशीन लागतं?

आजोबा_कोथरूड: वेगळं लागतं. जाण्याआधी फोन करून विचारा. पट्टीचंही विचारून घ्या.