मदत हवी आहे: वेताच्या दोन जुन्या खुर्च्या, थोनेट कंपनीच्या की कोन कंपनीच्या?

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याच्या माळ्यावरून दोन खुर्च्या खाली काढल्या. इराणी हॉटेलात असतात तशा: वाफेवर वाकवलेली गोल पाठ, वेताची बैठक, हात नाहीत. सागवान नक्की नाही. रंग खरवडला तिथे लाकूड फिकट आणि बारीक ठिपक्यांचं दिसतं, म्हणजे बीच या युरोपातल्या झाडाचं असावं.

बैठकीच्या कड्याला आतून कागदी लेबलाचा तुकडा चिकटलाय. रोमन अक्षरांत ‘वीन’, म्हणजे व्हिएन्ना, एवढंच शाबूत. बाकी कसरीने खाल्लं. थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ची. पण १८६९ला पेटंट संपलं आणि जेकब अँड जोसेफ कोनसारखे व्हिएन्नाचेच दुसरे कारखानदारही तशाच खुर्च्या बनवू लागले. त्यामुळे तुकड्यावरून काहीच ठरत नाही. टॉर्च तिरका धरून लाकडावर कारखान्याचा ठसा शोधला, पण वर ऑइलपेंटचे दोन हात आहेत.

वेत पार फाटलाय. कड्याला भोकं आहेत, खाच नाही, म्हणजे तयार जाळी चालणार नाही, हातानेच विणावी लागेल. एक सुतार म्हणाला प्लायवूड ठोकू, दुसरा म्हणाला नायलॉनची पट्टी. दोन्ही नको! विकायच्याही नाहीत, आई रोज बसणार आहे. तेव्हा किंमत नका सांगू.

नाशकात, फार तर सिन्नर-ओझरपर्यंत, भोकांतून वेत विणणारं कुणी माहितीये का? आणि खालचा ठसा न जाता ऑइलपेंट कसा काढायचा?