मदत हवी आहे: दशावताराच्या रेकॉर्डिंगसाठी क्लाउडवर स्टोरेज सर्व्हर. किती कोअर, किती रॅम, कोणती डिस्क?

खारा वारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

वेंगुर्ला-कुडाळकडच्या जत्रांत मी आणि दोन मित्र दशावतार रेकॉर्ड करतो. धंदा नाही, हौस. आख्यान ठरलेलं असलं तरी संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. त्यामुळे काल रात्रीचा प्रयोग पुन्हा तसाच्या तसा कधीच मिळत नाही. आतापर्यंत साठेक प्रयोग जमलेत. चार तासांचा प्रयोग, कॅमेरा ५० एमबीपीएसवर, म्हणजे प्रत्येकी सुमारे ९० जीबी आणि एकूण ५.४ टीबी.

हे सगळं घरी चार डिस्कच्या नासवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा) होतं. घर बंदरापासून पायी दहा मिनिटांवर. गेल्या पावसाळ्यात नासने मान टाकली. उघडलं तर बोर्डावर हिरवट थर, पिना खाऊन टाकलेल्या. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं. डिस्का शाबूत होत्या म्हणून डेटा वाचला. सध्या तो दोन यूएसबी डिस्कांवर आहे, आणि त्या डिस्का सिलिका जेलच्या पुड्या घालून तांदळाच्या रिकाम्या डब्यात. (हसू नका.) मे २०२१ मध्ये तौक्तेने आमची लाइट आणि मोबाइल दोन्ही घालवलं, तेव्हापासून वाटतंय की एक प्रत कोकणाबाहेर असावी.

तर बेत असा: ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये ८ कोअर, ३२ जीबी रॅमचं मशीन. त्याला २ टीबीचे चार जीपी-३ व्हॉल्यूम (ॲमेझॉनच्या भाड्याच्या डिस्का), त्यांवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचं रेडझेड-१ (रेडचा प्रकार: एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), एलझेड-४ कॉम्प्रेशन, डीडुप (सारखे तुकडे एकदाच साठवणं) चालू. वर नेक्स्टक्लाउड (आपल्याच सर्व्हरवरचं गूगल ड्राइव्हसारखं), म्हणजे पुण्यात आणि गोरेगावात बसलेल्या मित्रांना एडिटिंगसाठी फायली मिळतील. घरी फायबर आहे, अपलोड ५० एमबीपीएस. तिघांत मिळून महिन्याला पंधरा हजारांच्या वर जाता येणार नाही. हार्डवेअर बरोबर निवडलंय का? रॅम कमी पडेल का?

रात्रपाळी

रॅम कमी नाही, मशीनच चारपट मोठं आहे. तुम्ही नासचं घरातलं गणित जसंच्या तसं क्लाउडवर नेताय, गोंधळ तिथे आहे.

घरी डिस्क तुमची असते. ती जाणार हे गृहीत धरून तुम्ही रेड करता. ईबीएसचा (ॲमेझॉनची भाड्याच्या डिस्कांची सेवा, जीपी-३ तिचाच प्रकार) व्हॉल्यूम म्हणजे एक डिस्क नव्हे, त्याच झोनमध्ये (रीजनमधला डेटा सेंटरांचा एक गट) त्याच्या प्रती आधीच ठेवलेल्या असतात. वर रेडझेड-१ केलंत की चार व्हॉल्यूमांचे पैसे भरून तीनांची जागा वापरायची, आणि ज्या भीतीपोटी हे केलं ती बऱ्याच अंशी आधीच मिटलेली. बऱ्याच अंशी म्हणतोय, कारण जीपी-३ चा वर्षाला बिघडण्याचा दर ते स्वतःच ०.१ ते ०.२ टक्के सांगतात. शिवाय व्हॉल्यूम एकाच झोनपुरता असतो, त्यामुळे बॅकअप लागतोच. पण बॅकअप म्हणजे रेड नव्हे, हे तुम्हाला नासने शिकवलंच असेल.

आता पैसे. जीपी-३ चा दर एस-३ च्या (ॲमेझॉनचीच नुसत्या फायली साठवायची सेवा) साधारण साडेतीन पट आहे. तुमचे ८ टीबी जीपी-३ वर महिना ७३० डॉलरांच्या आसपास जातील, मशीन वेगळं. तेच ५.४ टीबी एस-३ स्टँडर्डवर ठेवले तर १३५. म्हणून आधी स्वतःला विचारा, या साठ प्रयोगांपैकी एका वेळी उघडे किती असतात? माझा अंदाज, दोन.

त्या दोनांसाठी ५०० जीबीचा एक जीपी-३ पुरे. त्याला ३००० आयऑप्स (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या खेपा) आणि सेकंदाला १२५ एमबी एवढा वेग दरातच मिळतो, व्हॉल्यूम केवढाही असो. व्हिडिओ लागोपाठ वाचायचा असतो, त्यामुळे आयऑप्सना कोणी विचारत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचे ५० एमबीपीएस मेगाबिटांत आहेत, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट; १२५ एमबी त्याच्या वीसपट. त्याहून जास्तीचे पैसे भरू नका. बाकी सगळं एस-३ मध्ये. आणि व्हॉल्यूम मोठा करता येतो, लहान करता येत नाही, म्हणून सुरुवात लहानच करा.

मशीन टी-३ मीडियम, २ कोअर, ४ जीबी. नेक्स्टक्लाउड तीन माणसांसाठी त्यावर चालतं. एकच सांभाळा: टी-३ ला सीपीयूचे क्रेडिट (पूर्ण वेगाने चालायचा साठवलेला कोटा) असतात, आणि मुळात ते अनलिमिटेड मोडवर येतं. नेक्स्टक्लाउडने ९० जीबीच्या फायलींचे प्रिव्ह्यू बनवायला घेतले की क्रेडिट संपतात, मशीन मंद होत नाही, बिल वाढतं. व्हिडिओचे प्रिव्ह्यू बंद ठेवा.

माजघर

मी कणकवलीचो. रात्रपाळी बरोबर सांगतत, पण तेंका आमची लाइट म्हायत नाय.

५० एमबीपीएसचा रेकॉर्डिंग ५० एमबीपीएसच्या लायनीवरना. म्हणजे नाटक जितको वेळ चालला तितकोच वेळ अपलोड. ५.४ टीबी चढवूक धा दिवस, रात्रंदिवस, आणि मधी एकदा पण लाइट जाता नये. जून म्हयन्यात? रे बाबा!

(आता सरळ लिहितो, नाहीतर मुंबईकर विचारत बसतील.) अर्धवट राहिलेल्या अपलोडचं एक दुखणं आहे. मोठी फाइल एस-३ वर तुकड्यांनी चढते. मध्येच तुटली तर चढलेले तुकडे तिथेच पडून राहतात, नेहमीच्या फायलींच्या यादीत दिसत नाहीत, आणि त्यांच्या जागेचे पैसे चालू राहतात. पहिल्या पावसाळ्यात मी त्यापायी तीन महिने फुकट भरले. बकेटच्या (एस-३ मधला तुमचा कप्पा) लाइफसायकल सेटिंगमध्ये सात दिवसांनी अर्धवट अपलोड रद्द करायचा नियम आहे, तो पहिल्याच दिवशी टाका. आणि इन्व्हर्टरवर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही घ्या. मी नुसता राउटर घेतला होता. वायफाय पूर्ण दाखवायचं, नेट शून्य.

पहिल्या ५.४ टीबीसाठी तर सोपा उपाय आहे. डिस्क पिशवीत घाला, तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरा, गोरेगावच्या मित्राकडे ३०० एमबीपीएस अपलोड असेल तर ४० तासांत काम. तुतारीची बँडविड्थ कुठल्याच फायबरला नाही.

चक्रधर

झेडएफएस पूर्ण टाकून देऊ नका, एका व्हॉल्यूमवर साधंच घाला. चेकसम (डेटा बदलला का हे तपासायचा आकडा) मिळतो, स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) मिळतात. डेटा खराब झाला तर कळेल, एकच डिस्क असल्यामुळे आपोआप दुरुस्त मात्र होणार नाही; तेव्हा एस-३ मधून परत आणायचा. रेकॉर्डसाइज (एका तुकड्याचा आकार) १२८ के वरून १ एम करा, एटाइम (फाइल शेवटची कधी उघडली त्याची नोंद) बंद करा. एलझेड-४ राहू दे, व्हिडिओ त्याने लहान होत नाही, पण दाबता येत नाही हे ओळखून ते पटकन सोडून देतं.

डीडुप मात्र आजच बंद. दोन रात्रींचा संकासुर (दशावतारातला राक्षस) आपल्याला एकच वाटला तरी डिस्कच्या लेखी दोन्ही फायली पूर्ण वेगळ्या. जुळणारं काही सापडणार नाही आणि डीडुपचा तुकड्यांचा तक्ता रॅम खात बसेल. एआरसीची (झेडएफएसचा रॅममधला कॅश) मर्यादाही हाताने १ जीबीवर बांधा, ४ जीबीच्या मशीनवर नेक्स्टक्लाउडला श्वास घ्यायला जागा हवी.

खारा वारा

सगळ्यांचे आभार. ७३० डॉलर वाचून चहा थंड झाला. मी दर बघितला होता, पण गुणाकार चारऐवजी एका व्हॉल्यूमचा केला होता.

एस-३ पटलं. पण एक शंका. पुण्याचा मित्र म्हणतो की त्याला सगळं मटेरियल एकदा स्वतःकडे उतरवून घ्यायचंय. चढवायला पैसे नाहीत असं वाचलं, उतरवायला?

रात्रपाळी

थांबवा त्याला! चढवणं फुकट, उतरवणं नाही. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढे मुंबई रीजनमधून गिगाबाइटला सुमारे ११ सेंट. ५.४ टीबी एकदा उतरवलं की जवळपास ५८० डॉलर. एस-३ मधून त्याच रीजनमधल्या तुमच्या मशीनवर आणायला पैसे पडत नाहीत, पैसे बाहेर पडताना लागतात.

म्हणून प्रॉक्सी करा, आणि त्या घरीच करा. प्रयोग झाला की आपल्याच संगणकावर ३ एमबीपीएसची लहान प्रत काढायची. चार तासांचे ५.४ जीबी होतात, तुमच्या लायनीवर पंधरा मिनिटांत चढतात. मित्र त्यावर एडिटिंग करतील, मूळ फाइल शेवटच्या कटापुरती. पुण्याला पूर्ण संच हवाच असेल तर तोही डिस्कवर.

दोन वर्षांपूर्वीचे जे प्रयोग कोणी उघडत नाही ते ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हलमध्ये (एस-३ चाच स्वस्त वर्ग) टाका. जागा खूप स्वस्त, फाइल लगेच मिळते, पण काढताना गिगाबाइटमागे पैसे पडतात आणि किमान ९० दिवसांचे पैसे लागतातच. डीप आर्काइव्ह त्याहून स्वस्त, पण फाइल हातात यायला १२ तासांपर्यंत थांबावं लागतं आणि किमान मुदत १८० दिवस.

खारा वारा

ठरलं. टी-३ मीडियम, ५०० जीबीचा एकच जीपी-३, त्यावर साधं झेडएफएस. दहा अलीकडचे प्रयोग एस-३ स्टँडर्डमध्ये, पन्नास जुने ग्लेशियर इन्स्टंटमध्ये. अर्धवट अपलोडचा नियम आत्ताच टाकला. टाकायच्या आधी डोकावलो तर कालच्या चाचणीचे ३८ जीबी तिथे निवांत पडलेले होते. माजघर, जेवण लागू.

पुढच्या शुक्रवारच्या तुतारीचं तिकीट काढलंय. जाता जाता एकच विचारतो: डबा नेऊ की डिस्का नुसत्या टॉवेलात गुंडाळून?

माजघर

डबो ने. येताना तेतूनच दादरची मिठाई आण.