जुना कपडा 'रॉकबिली' केव्हा ठरतो?

उसवण:
गेली 3 वर्षे मी शिकागोजवळ राहते आणि इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत फिरण्याचा मला छंद जडला आहे. मागच्या आठवड्यात दोन वस्तू घेतल्या. एक म्हणजे काळ्या सुती कापडावर लाल चेरींची नक्षी असलेला, मानेमागे बांधायचा, मोठ्या घेराचा झगा. दुसरा, फिकट गुलाबी गॅबर्डिनचा (घट्ट विणीच्या कापडाचा) पुरुषी शर्ट, ज्याला मोत्यासारखी चमकणारी टिचबटणे आहेत. झग्यावर दुकानदाराने '1950 चे दशक, रॉकबिली' अशी चिठ्ठी लावली होती, शर्टावर नुसतेच 'वेस्टर्न' लिहिले होते. त्या दशकातला प्रत्येक घेरदार झगा रॉकबिली म्हणायचा का, की त्यासाठी कापडात, बेतण्यात किंवा रंगात काही ठरावीक खूण असावी लागते?

काजबटण:
आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: कपडा किती जुना आहे हा एक, आणि तो रॉकबिली आहे का हा दुसरा. युद्धकाळातल्या कापडटंचाईनंतर फ्रेंच वेशरचनाकार ख्रिश्चन दिओर यांनी फेब्रुवारी 1947 मध्ये पॅरिसमध्ये आवळलेली कंबर आणि भरघोस घेर पुढे आणला, आणि पुढची काही वर्षे गृहिणींपासून शाळकरी मुलींपर्यंत सगळ्यांनीच तो घेर मिरवला. त्यामुळे नुसत्या घेरावरून काहीच ठरत नाही.

रॉकबिली हे आधी संगीताचे नाव आहे. अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतल्या गोऱ्यांचे 'हिलबिली' संगीत आणि कृष्णवर्णीयांचे 'रिदम अँड ब्लूज' संगीत यांच्या मिश्रणातून ते घडले, आणि जुलै 1954 मध्ये मेंफिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली यांनी केलेले ध्वनिमुद्रण त्याची सुरुवात म्हणून सहसा सांगितले जाते. कपड्यांतही तीच सरमिसळ झाली. मेंफिसमधल्या बील स्ट्रीट या कृष्णवर्णीयांच्या वर्दळीच्या रस्त्यावरच्या लॅन्स्की ब्रदर्स या दुकानात कृष्णवर्णीय वादक-गायक भडक रंगांचे, सैलसर बेताचे कपडे घेत असत. तिथूनच एल्व्हिस यांनी गुलाबी आणि काळ्याची जोडी उचलली. वर्णभेदाच्या त्या शहरात गरीब घरच्या गोऱ्या मुलाने त्या रस्त्यावर जाऊन कपडे निवडणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यात गुराख्यांच्या पेहरावातली टिचबटणे आणि खांद्यावरची टोकदार पट्टी मिसळली, शिवाय कष्टकऱ्यांची जाड डेनिम, खालून दुमडलेली. याउलट, त्याच सुमारास कॉलेजच्या सुखवस्तू मुलांत आपल्या मद्रासच्या चौकड्यांचे शर्ट लोकप्रिय होते. तेही आज तितकेच जुने आहेत, पण त्यांना कोणी रॉकबिली म्हणणार नाही.

माझ्या मते दुकानदाराने चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आहे. आपला गुलाबी शर्ट झग्यापेक्षा रॉकबिलीच्या कितीतरी जवळचा आहे.

घेरदार:
वरील विवेचन पटले, पण त्यात बायका जवळजवळ नाहीतच. रॉकबिली गायिका वांडा जॅक्सन यांचे मंचावरचे कपडे त्यांची आई शिवत असे: उघडे खांदे, अंगासरशी बेतलेली कंबर, हलणाऱ्या रेशमी झालरी. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमात त्यांना खांदे झाकूनच गाण्यास सांगण्यात आले होते. म्हणजे मानेमागे बांधायचा गळा या शैलीला परका मुळीच नाही. चेरींबाबत मात्र सावध राहावे. फळांची नक्षी 1950 च्या दशकातही असे. पण चेरी, कवट्या आणि गोंदणाच्या आकृत्या यांचा जो ठराविक 'रॉकबिली' संच आज विकला जातो, तो बहुतांशी नंतरच्या पुनरुज्जीवनातला आहे. स्ट्रे कॅट्स हा रॉकबिली वाजवणारा अमेरिकी बँड 1980 मध्ये लंडनला गेला, आणि तिथल्या टेडी बॉइजचे (1950 च्या दशकातल्या ब्रिटिश तरुणांच्या एका फॅशनवेड्या गटाचे) लांब कोट व जाड क्रेप रबरी तळव्यांचे बूटही या शैलीत सामावले गेले. त्या टप्प्यातले कपडे आता स्वतःच चाळीस वर्षांचे झाले आहेत. त्यांना बनावट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

झग्याचे वय हवे असेल तर आतली शिवण पाहावी. अमेरिकेत धाग्यांचे प्रमाण टक्क्यांत सांगणारे लेबल 1960 पासून सक्तीचे झाले आणि धुण्याच्या सूचनांचे 1972 पासून. चेन धातूची आहे की नायलॉनची, हेही तपासावे. पन्नाशीच्या दशकातल्या झग्याला बहुधा धातूची असते, आणि पुष्कळदा ती बाजूला असते.

उसवण:
दोघांचेही आभार. झगा उलटा करून पाहिला. चेन नायलॉनची असून पाठीवर आहे, आणि लेबलावर '97 टक्के कापूस, 3 टक्के स्पॅन्डेक्स' (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असे छापले आहे, त्याखाली यंत्रात धुण्याची सूचना. शर्टाला यांपैकी काहीच नाही. कॉलरच्या आत विणलेली, अक्षरे पुसट झालेली एक लहानशी पट्टी तेवढी आहे. विशेष म्हणजे मी झग्यासाठी शर्टाच्या तिप्पट पैसे मोजले आहेत.