चोकचा रोध फेजरमधून जास्त का येतो?

मदत हवी आहे. १०० वॅटचा साधा बल्ब आणि ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक (लोखंडी गाभ्यावरची कॉइल) सिरीजमध्ये लावलाय. सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बल्बवर १७० व्होल्ट, चोकवर १३२, करंट ०.३७ अँपिअर. चोक शुद्ध इंडक्टर (रोध नसलेली कॉइल) धरला तर दोन्ही व्होल्टेजची काटकोनातली बेरीज २१५ व्होल्टच येते, म्हणजे चोकला रोध आहे हे कळलं. पण फेजर त्रिकोणातून (तिन्ही व्होल्टेज बाजू धरून काढलेल्या त्रिकोणातून) तो ५२ ओहम निघतो आणि मल्टिमीटर ३५ दाखवतो! चोक गरम असतानाही मोजला, ट्रू आरएमएस मीटरने (एसीचा आकार बिघडला तरी खरं मूल्य दाखवणाऱ्या) तीनदा रीडिंग घेतलं. फरक तोच, १७ ओहमचा, म्हणजे ०.३७ अँपिअरला साधारण २.३ वॅटचा. वॅटमीटर नाही. हा गाभ्यातला लोहक्षय (लोखंडात उष्णता होऊन वाया जाणारी वीज), की मोजणीतली चूक? वॅटमीटरशिवाय खात्री कशी करायची?